खंडूला ताप आहे, दोन दिवस जेवला नाही, काय करू? (पुणे)

सोनटक्का | १३ जुलै, रात्री ९:५०

मंडळी, घाईत लिहितेय, शुद्धलेखन पोटात घाला.

आमचा खंडू देशी, पाच वर्षांचा, वजन २२ किलो. (साबा म्हणजे सासूबाई जेजुरीच्या, त्यामुळे नावावर घरात चर्चाच झाली नाही.) एरवी कुकरची शिट्टी झाली की स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर हजर असतो. परवा रात्रीपासून ताटलीला तोंड लावलेलं नाही. काल दहीभात हुंगून सोडून दिला, आज उकडलेल्या चिकनकडेही पाठ फिरवली. पाणी थोडं पितोय. बाथरूमच्या दारामागची गार फरशी धरून पडलाय. कान हाताला गरम लागतात, नाक कोरडं आहे.

अडीच आठवड्यांपूर्वी वेल्ह्याला दिरांच्या शेतावर गेलो होतो. आल्यावर कानात दोन गोचिड्या सापडल्या, त्या ओढून काढल्या आणि विषय संपला असं वाटलं.

नेहमीचे डॉक्टर गावाला गेलेत, सोमवारी येतील. तोवर घरच्या घरी काय देऊ? साबा हळद-दूध म्हणतायत, नवरा म्हणतो आपली तापाची अर्धी गोळी देऊ. दोघांनाही थोपवून धरलंय.

शेपूटवाली | ९:५८

नवऱ्याला तसंच थोपवून धरा. माणसांची तापाची-अंगदुखीची गोळी नको म्हणजे नको. ब्रुफेन तर त्यांच्या पोटात अल्सर करते आणि किडनीची वाट लावते.

नाकावर जाऊ नका, झोपून उठलेल्या धडधाकट कुत्र्याचंही नाक कोरडं असतं. ताप मोजा. डिजिटल थर्मामीटर, टोकाला व्हॅसलीन, शेपटीखाली इंचभर आत. एकाने डोकं मांडीवर घेऊन कानामागे खाजवत राहायचं, दुसऱ्याने शेपूट उचलायची. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे त्यांचं नॉर्मल. आपल्याला ताप वाटेल तो त्यांचा रोजचा आकडा. तो थर्मामीटर नंतर घरच्या औषधाच्या डब्यात जाऊ देऊ नका. हे सांगायला लागू नये, पण आमच्या घरी लागलं होतं :)

मग ओठ वर करून हिरड्या बघा. गुलाबी हव्यात. बोटाने दाबून सोडलं की उमटलेला पांढरा ठसा दोन सेकंदांत परत गुलाबी झाला पाहिजे.

सोनटक्का | १०:१५

१०४.२ :( हिरड्या फिक्या वाटतायत, ठसा मात्र लगेच भरतोय. त्याला उताणा केला तेव्हा पोटावर आणि मांडीच्या आतल्या बाजूला, जिथे केस विरळ आहेत तिथे, मोहरीपेक्षाही बारीक लाल ठिपके दिसले. घामोळं असेल का?

गोठ्यातला_डॉक्टर | १०:२२

मी पशुवैद्य आहे, शिरवळच्या कॉलेजचा. हल्ली गाई-म्हशीच जास्त बघतो, पण हे चित्र ओळखीचं आहे. एक करा. साध्या काचेचा ग्लास घेऊन त्या ठिपक्यांवर दाबा आणि काचेतून बघा. पुरळ असेल तर दाबल्यावर फिकं पडतं.

सोनटक्का | १०:२६

नाही पडत. तसंच लाल.

गोठ्यातला_डॉक्टर | १०:३१

मग ते त्वचेखाली झिरपलेलं रक्त आहे. गोचीड, अडीच आठवडे, १०४ ताप आणि हे ठिपके एवढं जुळल्यावर सोमवारची वाट बघू नका. पुण्यात चोवीस तास चालणारी क्लिनिक्स आहेत, आजच जा. प्लेटलेट उतरल्या असणार. जाताना त्याला गाडीत उडी मारू देऊ नका, उचलून ठेवा. गळपट्टा सैल करा. नाकातून रक्त आलं किंवा लघवी कोऱ्या चहासारखी दिसली तर तिथे गेल्या गेल्या तेच आधी सांगा.

हळद-दूध साबांनी स्वतः घ्यावं, रात्र मोठी आहे. (हलके घ्या.)

ओटीवरचा | १०:५०

शहरात फार बाऊ करतात असं माझं मत. आमच्याकडे गावी चार कुत्री, पावसाळ्यात गोचिड्यांनी भरलेली असतात. कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी, करंजाचं तेल, फारच झाल्या तर रॉकेलचा बोळा. कोणाला रक्त तपासायला नेलेलं आठवत नाही.

गोठ्यातला_डॉक्टर | ११:१२

ओटीवरचा, त्या चारांतलं एखादं दर दोन-तीन वर्षांनी 'आपोआप' बदलतं का? गावच्या कुत्र्यांना होत नाही असं नाही, आपण मोजत नाही.

रॉकेल अजिबात नको. कातडी भाजते आणि कुत्रं ते चाटतं. उदबत्तीचा चटकाही नको, गोचीड चवताळून आपली लाळ आणखी आत सोडते आणि आजार त्या लाळेतूनच येतो. बारीक टोकाचा चिमटा घ्यायचा, कातडीला अगदी भिडवून तोंडापाशी पकडायची आणि सरळ वर ओढायची, पिळायची नाही. हातात मोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी. फुगलेली गोचीड बोटांत चिरडायची नाही, साबणाच्या पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये टाकायची. कडुलिंबाला माझा विरोध नाही, पण अंगात शिरलेला जंतू पाल्याने निघत नाही.

सोनटक्का | १४ जुलै, पहाटे ३:४०

घरी आलो. प्लेटलेट ४१ हजार. डॉक्टर म्हणाले कुत्र्यात दोन लाखांच्या वर हव्यात. हिमोग्लोबिनही थोडं कमी. रक्त काढल्यावर सुईच्या जागी नर्सने पाच मिनिटं घड्याळ लावून कापूस दाबून धरला होता. सलाईन झालं, तापाचं कुत्र्यांना चालणारं इंजेक्शन झालं, डॉक्सीसायक्लिन सुरू केलीय, २८ दिवस.

पण एक कळत नाहीये. एर्लिकियाची (गोचिडीतून येणारा जंतू) किट टेस्ट निगेटिव्ह आली, स्लाइडवरही काही दिसलं नाही. तरी गोळ्या सुरू. नवरा म्हणतो रिपोर्ट निगेटिव्ह असताना २८ दिवस अँटिबायोटिक का?

गोठ्यातला_डॉक्टर | सकाळी ७:०५

रास्त प्रश्न आहे. ती किट जंतू शोधत नाही, जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेल्या अँटिबॉडी शोधते. आजाराच्या पहिल्या दिवसांत त्या पुरेशा तयार झालेल्याच नसतात. स्लाइडवर हा जंतू पांढऱ्या पेशीच्या पोटात तुतीच्या फळासारखा गुच्छ करून बसलेला दिसतो, पण दिसला तर नशीब. खात्री हवी असेल तर पीसीआर करतात, रिपोर्टला वेळ लागतो. अशा वेळी लक्षणांवरून औषध सुरू करणं हेच शहाणपणाचं, तुमच्या रात्रीच्या डॉक्टरांनी बरोबर केलंय. एर्लिकिया असेल तर बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत ताप उतरून कुत्रं उठून बसतं. नाही उठलं तर बबेसियाचा विचार करावा लागतो. तीही गोचिडीतूनच, पण ती लाल पेशी फोडते, म्हणून लघवी गडद होते आणि हिरड्या पांढऱ्याफटक पडतात. तिचं औषध वेगळं.

२८ दिवसांबद्दल: हा जंतू दबा धरून बसतो. अर्धवट औषधाने कुत्रं वरवर बरं दिसतं, आणि काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, अस्थिमज्जेवर घाला येतो. तेव्हा लाल, पांढऱ्या, प्लेटलेट सगळ्याच पेशी बसतात. व्हिएतनाम युद्धात अमेरिकन सैन्याची कितीतरी कुत्री अशीच गेली, त्यात जर्मन शेफर्ड जास्त. त्या जातीला हा आजार आजही जड जातो.

रानजाई | ८:३०

सोनटक्का, वरचा २८ दिवसांचा परिच्छेद छापून फ्रिजवर लावा. आम्ही चुकलो होतो. आमची मिष्टी लॅब्राडोर, आठ वर्षांची. नवव्या दिवशी चेंडू मागायला लागली, गोळीनंतर उलट्या व्हायच्या म्हणून आम्हीच थांबवल्या. डॉक्टरांना विचारलंही नाही. चौदा महिन्यांनी एका सकाळी नाकातून रक्त, थांबेचना. दोनदा दुसऱ्या कुत्र्यांचं रक्त चढवलं, पेशी वर येईनात. पुढचं लिहीत नाही.

उलट्या होत असतील तर भरल्या पोटी द्या, डोस विभागून मागा, पण डॉक्टरांना सांगून.

सोनटक्का | १०:१०

रानजाई, __/\\__. फ्रिजवर लावलंय, खरंच.

गोळी भरवायची कशी? दह्यात लपवली तर चालेल का?

शेपूटवाली | १०:२०

दूध, दही, पनीर नको, त्यातल्या कॅल्शियमला धरून काही औषध पोटातून तसंच निघून जातं. पोळीच्या तुकड्याला तूप लावून, नाहीतर खिम्याच्या गोळ्यात. आमच्याकडची युक्ती तीन घासांची: पहिला रिकामा, दुसऱ्यात गोळी, तिसरा दुसऱ्याच्या पाठोपाठ नाकासमोर धरायचा, म्हणजे तिसऱ्याच्या लोभाने दुसरा न चावता गिळतो. गोळीनंतर थोडं पाणी किंवा रसा पाजा, कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते. मांजरवाल्यांनी तर हे पाठच करावं.

बोक्याची_आई | ११:४५

मांजरवाली हजर. अवांतर होईल, पण वर तापाच्या गोळीचा विषय निघालाय म्हणून लिहितेच. खंडूच्या बाबतीत जी चूक टळली ती आमच्याकडे झाली होती. चुलत सासऱ्यांनी प्रेमापोटी आमच्या मनीला पॅरासिटामॉलची चतकोर गोळी दुधातून दिली. तीन-चार तासांत तोंड आणि पंजे सुजले, हिरड्या चॉकलेटी. गुलाबी नाही, निळ्या नाही, चॉकलेटी. हा रंग मी विसरणार नाही. मांजरीच्या यकृतात ते औषध निकामी करायची सोयच पुरेशी नसते आणि रक्त प्राणवायू धरेनासं होतं. वेळेत नेलं, उतारा मिळाला, वाचली. सासरे आजही तिच्याकडे बघताना ओशाळतात.

दुसरं म्हणजे कुत्र्यासाठी आणलेलं गोचिडीचं औषध मांजराला 'थोडंसं' लावू नका. त्यात पर्मेथ्रिन असेल तर ते मांजरांना झटके आणतं. घरात दोन्ही असतील तर कुत्र्याला लावलेलं सुकेपर्यंत मांजर दुसऱ्या खोलीत.

आणि बोका सारखा मातीच्या डब्यात जाऊन बसतोय, कळ देतोय, ओरडतोय, लघवीचा थेंबही नाही, हे बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजत बसू नका. लघवीची वाट बंद झालेली असते. दिवसा-दोन दिवसांत जीव जातो, तासांचा हिशोब असतो. इति मांजरपुराण. खंडू कसा आहे?

सोनटक्का | १५ जुलै, रात्री ९:३०

ताप १०२.४! आज दुपारी वरणभाताला तोंड लावलं, चार घास. शेपूट दोनदा हलली, साबांनी मोजली.

पण नवा घोळ. आज त्याच्या गादीमागची भिंत पुसताना स्कर्टिंगच्या फटीत तीळ चालताना दिसला. भिंग लावून बघितलं तर सहा पाय. मग मोबाइलचा टॉर्च घेऊन शोधत गेले: पडद्याच्या घडीत दोन, कपाटामागे छताजवळ एक फुगलेली राखाडी, वाटाण्याएवढी. चौथ्या मजल्यावर राहतो आम्ही! आणि या छताजवळ कशा?

गोठ्यातला_डॉक्टर | १०:०५

खंडूची बातमी झकास.

सहा पायांचा तीळ म्हणजे गोचिडीचं पिल्लू. आठ पाय एकदा रक्त पिऊन कात टाकल्यावर येतात. कुत्र्यांची ही तपकिरी गोचीड घरात बिऱ्हाड करणारी आहे, पूर्ण संसार बंद घरात करते. पिल्लू, मधली अवस्था आणि मोठी, प्रत्येक जण एकदा कुत्र्यावर चढून रक्त पितो, खाली उतरतो, फटीत जाऊन कात टाकतो आणि पुन्हा चढतो. मादी पोटभर पिऊन उतरली की हिला वर चढायची खोड असते, म्हणून छत, पडद्याची पेल्मेट, ट्यूबलाइटच्या पट्टीमागची जागा. तिथे हजारोंनी अंडी घालते आणि मरते. तुमची राखाडी वाटाणा तीच. चिरडू नका, बाटलीत टाका. मोठी गोचीड उपाशीपोटी कित्येक महिने तग धरते, म्हणून 'महिनाभर कुत्रं गावाला ठेवलं' याने घर साफ होत नाही.

दोन दिवसांपूर्वी कानातून ज्या दोन निघाल्या त्या फक्त दारावर आलेल्या.

सोनटक्का | १०:०८

दोन दिवस नाही हो, अडीच आठवडे.

गोठ्यातला_डॉक्टर | १०:१०

चूक भूल द्यावी घ्यावी, सकाळपासून तीन म्हशी अडल्यात.

तर दोन्हीकडून मारा हवा. कुत्र्यावर: हल्ली खायच्या गोळ्या आहेत, काही महिनाभर तर काही तीन महिने चालतात, गोचीड चावली की मरते. फिट येणाऱ्या कुत्र्याला त्या देण्याआधी डॉक्टरांना सांगायचंच. मानेवर सोडायचे थेंब वापरलेत तर आधी-नंतर दोन दिवस आंघोळ नको, नाहीतर पैसे मोरीत. अमिट्राझचं पाणी स्वस्त आणि जुनं, पण मापात पातळ करायचं, सुकेपर्यंत चाटू द्यायचं नाही, मांजर असलेल्या घरात नकोच. आजारी खंडूला यातलं काय आणि कधी, ते तुमचे डॉक्टर ठरवतील.

घरात: व्हॅक्यूम, आणि त्याची पिशवी लगेच घराबाहेर. गादीचे अभ्रे कडक गरम पाण्यात. फटी पांढऱ्या सिमेंटने बुजवा. पेस्ट कंट्रोलवाल्याला झुरळांचं जेल नको, गोचिडीसाठी फवारणी हवी असं आधीच सांगा, दोन-तीन आठवड्यांनी दुसरी फेरी. सगळं मिळून किमान तीन महिने. फवारणी सुकेपर्यंत खंडू, आणि माशांचं टँक असेल तर तेही, बाहेर.

दशावतारी | १६ जुलै, सकाळी ६:५०

मी दोडामार्गाकडचा. गोचीड म्हटलं की आमच्याकडे कुत्रा नाही, माकड आठवतं. २०१६ पासून सिंधुदुर्गात माकडतापाच्या साथी आल्या. मेलेल्या माकडाच्या अंगावरून रानगोचिड्या उतरतात आणि काजूच्या बागेत काम करणाऱ्या माणसांना चावतात. मूळ १९५७ चं, शिमोग्याच्या क्यासनूर जंगलातलं. खंडूच्या तापाशी त्याचा संबंध नाही, जात वेगळी, विषाणू वेगळा. पण जानेवारी ते मे या दिवसांत कुत्रं घेऊन आमच्या रानात फिरायला येणाऱ्यांनी पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली आणि घरी आल्यावर अंग तपासणं एवढं करावंच. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा.

पाटलीण_एडिसनची | १६ जुलै, सकाळी ८:२०

न्यू जर्सीत आमच्याकडे हरणांवरची गोचीड आणि तिच्यातून येणारा लाइम आजार. कुत्रा लंगडायला लागतो, आज पुढचा पाय, चार दिवसांनी मागचा. तिथेही डॉक्सीच. इथे व्हेटची फी ऐकून आधी आपल्यालाच प्लेटलेट चढवाव्या लागतात.

ओटीवरचा | १८ जुलै, दुपारी १:१५

वाद घातला होता म्हणून सांगायला आलोय. काल भावाला फोन करून काळ्याच्या हिरड्या बघायला लावल्या. म्हणाला, 'दादा, पांढऱ्या म्हणजे किती पांढऱ्या?' फोटो मागवला. भिंतीला लावायच्या चुन्यासारख्या. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं, स्लाइडवर बबेसिया निघाला. इंजेक्शन दिलंय. डॉक्टर, तुमचा 'आपोआप बदलतं का' हा प्रश्न मला लागला होता, हे खरं.

गोठ्यातला_डॉक्टर | १:४०

अहो, भावाला सांगा काळ्याला आठवडाभर बांधून, सावलीत, भाकरी-रश्श्यावर ठेवायला. आणि बाकीच्या तिघांच्या हिरड्याही बघायला लावा.

नवखा_पालक | २० जुलै, रात्री ११:००

धागा वर काढतो. पिल्लू आणलंय, ५० दिवसांचं. लशींचं वेळापत्रक सांगाल का? विकणाऱ्याने 'सगळं झालंय' म्हणून एक चिठ्ठी दिलीय, त्यावर ना सही, ना स्टिकर.

शेपूटवाली | ११:२०

स्टिकर नसलेली चिठ्ठी म्हणजे लस झालेली नाही असंच धरा. सहा ते आठ आठवड्यांपासून पार्वो-डिस्टेंपरवाली, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, सोळा आठवड्यांचा होईपर्यंत. रेबीज तीन महिन्यांचा झाल्यावर. लेप्टोचीही (उंदरांच्या लघवीतून पसरणारा आजार) त्यातच येते का ते बघा, आपल्याकडे पावसाळ्यात साचलेलं पाणी आणि उंदीर आहेतच. पूर्ण होईपर्यंत सोसायटीच्या बागेत खाली सोडू नका, पार्वो मातीत महिनोन्महिने टिकतो. आणि पिल्लू खेळताना दात लागून रक्त आलं तर हळद-चुना नाही, वाहतं पाणी आणि साबण, पंधरा मिनिटं, मग आपल्या डॉक्टरांकडे.

सविस्तर वेगळा धागा काढा, इथे खंडूची गर्दी आहे.

सोनटक्का | १२ ऑगस्ट, रात्री ८:४५

परवा अठ्ठाविसावी गोळी झाली. आज रक्त तपासलं: प्लेटलेट २ लाख ३५ हजार, हिमोग्लोबिनही जागेवर. मध्ये दहाव्या दिवशी उलट्या झाल्या तेव्हा गोळी थांबवायचा मोह झाला होता. फ्रिजकडे बघितलं. रानजाई, मिष्टीची आठवण काढली.

वजन दीड किलोने उतरलंय, ते साबा भरून काढतायत. आज कुकरची दुसरी शिट्टी व्हायच्या आत उंबऱ्यावर होता.

गोचिडींची बाटली खिडकीत ठेवलीय, आतापर्यंत ४३. शेवटची सापडली ४ ऑगस्टला, स्विचबोर्डाच्या मागे. ती बघून साबांनी चप्पल उचलली होती.

गोठ्यातला_डॉक्टर | ९:०२

उचलली की मारली?

सोनटक्का | ९:०४

मारली :( भिंतीवर डाग आहे. आता तिथे काय लावू?